कामरूपाचा अगुरु : धूप, तैल आणि ग्रंथपत्र

अमरकोशाच्या मनुष्यवर्गात अगुरूची सहा नावे एकत्र दिली आहेत : वंशिक, अगुरु, राजार्ह, लोह, कृमिज आणि जोंगक. यांपैकी ‘राजार्ह’ हे नाव द्रव्याची किंमत सांगते, ‘लोह’ हे त्याचे वजन सांगते, आणि ‘जोंगक’ हे, पुढे दाखविल्याप्रमाणे, त्याचा देश सांगते. ‘कृमिज’ या नावाकडे मात्र अभ्यासकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. कृमीपासून झालेले, असा या शब्दाचा उघड अर्थ आहे. चंदनादी सुगंधी द्रव्यांच्या मालिकेत बसलेल्या एका लाकडाला असे नाव का पडावे, याचा उलगडा कोशावरून होत नाही; तो झाडावरूनच होतो.

हे झाड आसाम, मेघालय, त्रिपुरा, सिल्हेट आणि तेथून आग्नेय आशियात मलाक्का, सुमात्रा, बोर्निओपर्यंत आढळते. निरोगी स्थितीत त्याचे लाकूड पांढरट, हलके आणि गंधहीन असते. खोड पोखरणारी अळी त्यात शिरली, अथवा फांदी मोडून जखम झाली, आणि त्या वाटेने बुरशीचा संसर्ग झाला म्हणजे झाड स्वसंरक्षणार्थ त्या भागात एक गर्द राळेसारखे द्रव्य साठवू लागते. वर्षानुवर्षे हा साठा वाढतो, लाकूड काळवंडते, जड होते आणि पाण्यात बुडू लागते. हा काळा भाग म्हणजेच अगर किंवा कालागुरु. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या पुष्कळ झाडांत तो मुळीच नसतो. अळी, बुरशी व राळ यांचा परस्परसंबंध आधुनिक वनस्पतिशास्त्राने विसाव्या शतकात तपासला. परंतु अगर ही झाडाची व्याधी आहे व तिच्या मुळाशी किडा आहे, एवढे निरीक्षण ‘कृमिज’ हा शब्द प्रथम ज्यांनी वापरला त्यांच्यापाशी होतेच. हे निरीक्षण दरबारी कवीचे नव्हे. ते जंगलात कुऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्याचे आहे. कोशकाराने ते केवळ जपून ठेवले.

‘अगुरु’ या मुख्य नावातही असाच एक पेच आहे. ‘जे जड नाही ते’ असा त्याचा विग्रह केला, तर पाण्यात बुडणाऱ्या लाकडाला हे नाव विपरीतच म्हटले पाहिजे. निरोगी लाकूड हलके असते म्हणून हे नाव पडले असावे, असे समर्थन करता येईल. पण निरोगी लाकडाला बाजारात कोणी विचारीत नव्हते. तामिळ व मलयाळम या भाषांत याच द्रव्याला ‘अकिल’ म्हणतात, मलायी भाषेत ‘गाहारू’, हिब्रूत ‘अहालीम’ आणि ग्रीकमध्ये ‘अगालोखोन’. या सर्व शब्दांचे साम्य पाहता, मूळचा एखादा संस्कृतेतर शब्द संस्कृताच्या साच्यात बसविताना त्याला ‘अगुरु’ हे सोयीचे रूप मिळाले असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

कौटिल्याने कोशात ठेवण्यायोग्य द्रव्यांच्या परीक्षेचे जे प्रकरण लिहिले आहे (अर्थशास्त्र, अधिकरण २, अध्याय ११), त्यात अगुरूचे जोंगक, दोंगक व पारसमुद्रक असे प्रकार दिले आहेत. जोंगक काळा किंवा ठिपकेदार, दोंगक काळा आणि समुद्रापलीकडचा विविध रंगांचा, असा भेद आहे. नंतर उत्तम अगुरूचे गुण येतात. तो जड असावा, स्निग्ध असावा, त्याचा गंध मनोहर व दूरवर पसरणारा असावा, तो सावकाश जळावा, त्याचा धूर एकसारखा यावा आणि चोळला तरी गंध जाऊ नये. आजचा व्यापारी अगरीचा तुकडा हातात घेऊन जे पाहतो तेच हे आहे. नावात ‘अगुरु’ आणि गुणात पहिला ‘गुरु’, हा विरोध कौटिल्याला खटकलेला दिसत नाही.

येथे ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वाचा भाग म्हणजे स्वदेशी व परदेशी अगुरु यांची ग्रंथकाराने केलेली स्पष्ट विभागणी. टीकाकार जोंगकाचे स्थान कामरूपात मानतात. आणि त्याच अध्यायात भद्रश्रीय नामक सुगंधी द्रव्याचा ‘पारलौहित्यक’, म्हणजे लौहित्य अथवा ब्रह्मपुत्र नदीपलीकडून येणारा, असा एक प्रकार सांगितला असल्यामुळे त्या प्रदेशाशी सुगंधी लाकडांचा व्यापार चालत होता याविषयी संशय घेण्याचे कारण नाही. अगर म्हणजे मलाक्केहून वा चंपेहून जहाजाने येणारा माल, अशी जी समजूत पुढील काळातील समुद्री व्यापाराच्या वृत्तांतांमुळे रूढ झाली, ती निदान प्राचीन भारतापुरती अपुरी आहे. समुद्रापलीकडचा अगुरु येत होता हे खरे; पण अर्थशास्त्राच्या यादीत त्याचा क्रम शेवटचा आहे.

काव्यातील पुरावा याला पोषक आहे. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघू लौहित्य ओलांडतो तेव्हा प्राग्ज्योतिषाचा राजा थरथर कापू लागला, आणि रघूच्या हत्तींना बांधण्यासाठी ज्यांचे खांब करण्यात आले ते कालागुरूचे वृक्षही त्याच्याबरोबर कापले, अशी कल्पना कालिदासाने केली आहे. कवीने आसामचे अरण्य स्वतः पाहिले होते की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. प्राग्ज्योतिष म्हटले की हत्ती आणि कालागुरु, ही जोडी उज्जयिनीच्या वाचकाला सांगून समजावी लागत नव्हती, एवढे यावरून निश्चित होते. ऋतुसंहारात हिवाळ्यातील स्त्रिया केसांना कालागुरूचा धूप देतात. चरकसंहितेत शीत घालविणाऱ्या लेपांत रास्ना व अगुरु यांना अग्रस्थान आहे, आणि शीतज्वरावरील अगुर्वाद्य तैलाला याच द्रव्याचे नाव मिळाले आहे. चंदन उन्हाळ्याचे आणि अगुरु थंडीचे, असा हा विभाग वैद्यकात व काव्यात सारखाच पाळलेला दिसतो.

मात्र या वृक्षाच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा उल्लेख बाणभट्टाचा आहे. इ. स. ६०६ मध्ये राज्यावर आल्यानंतर हर्ष मोहिमेवर निघाला असता कामरूपाचा राजा भास्करवर्मा याने हंसवेग नावाच्या दूताबरोबर त्याच्याकडे भेटी पाठविल्या. हर्षचरिताच्या सातव्या उच्छ्वासात त्यांची लांबलचक यादी आहे. आभोग नावाचे छत्र ही त्यांतील मुख्य भेट. तिच्यामागून येणाऱ्या वस्तूंत अगुरु तीन रूपांनी आढळतो : वेळूच्या जाड नळ्यांत भरलेले कृष्णागुरूचे तैल; रेशमी पिशव्यांत भरलेला, काजळासारखा काळा अगुरु; आणि अगुरूच्या वल्कलाची पाने करून सिद्ध केलेली सुभाषितांची पुस्तके. पहिली दोन रूपे अपेक्षितच आहेत. तिसरे रूप मात्र अर्थशास्त्राच्या परीक्षाप्रकरणात आढळत नाही आणि अमरकोशाच्या नामावलीतही नाही.

म. म. पांडुरंग वामन काणे यांच्या १९१८ च्या आवृत्तीमुळे हर्षचरित महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या चांगले परिचयाचे झाले. तरीही या उल्लेखाचा लेखनसाहित्याच्या इतिहासाच्या अंगाने आपल्याकडे फारसा विचार झालेला नाही. भारतीय पोथ्यांच्या सर्वसाधारण इतिहासांत भूर्जपत्र आणि ताडपत्र यांनाच जागा मिळते. अल्बीरूनीनेही इ. स. १०३० च्या सुमारास लिहिताना दक्षिणेतील ताडपत्र व उत्तरेतील भूर्जत्वचा यांचेच वर्णन केले आहे. कामरूप त्याच्या कक्षेबाहेर होते. बाणाचे वाक्य नसते, तर आसामातील सालीवरच्या लेखनाची प्राचीनता केवळ मध्ययुगीन पोथ्यांवरूनच ठरवावी लागली असती.

बाणाच्या वाक्यावर अतिरिक्त भार टाकण्याचा मोहही टाळला पाहिजे. या पुस्तकांचा रंग पिकलेल्या पडवळासारखा गुलाबी होता, असे कॉवेल व टॉमस यांच्या १८९७ च्या इंग्रजी भाषांतरात आहे, आणि त्यावरून पुढे पाहावयाच्या हरताळाच्या लेपाशी कोणी त्याचा संबंध जोडू शकेल. परंतु व्याकरणाच्या दृष्टीने ते विशेषण लगेच पुढे येणाऱ्या सुपारीच्या फळांकडेही नेता येते. पाने अगुरूच्या सालीची होती, एवढाच निष्कर्ष या स्थळी सुरक्षित आहे.

ही साल म्हणजे आसामातील ‘सांचीपात’ होय. अगरीच्या झाडाला असमिया भाषेत ‘सांची’ असे नाव आहे. (मध्य प्रदेशातील स्तूपाच्या सांचीशी त्याचा काही संबंध नाही, नामसादृश्य केवळ देवनागरी लेखनात दिसते.) सांचीपात तयार करण्याच्या कृतीचे तपशीलवार वर्णन एडवर्ड गेट यांनी आसामातील ऐतिहासिक संशोधनाविषयीच्या १८९७ च्या अहवालात दिले आहे. त्या वेळी ही कृती जाणणारी माणसे हयात होती, म्हणून या वर्णनाला विशेष किंमत आहे.

त्यासाठी सुमारे १५-१६ वर्षांचे, जमिनीपासून ४ फुटांवर ३० ते ३५ इंच घेर असलेले झाड निवडीत. त्याची साल ६ ते १८ फूट लांबीच्या व ३ ते २७ इंच रुंदीच्या पट्ट्यांनी काढीत. आतली पांढरी बाजू बाहेर येईल अशा रीतीने प्रत्येक पट्टीची गुंडाळी करून ती काही दिवस उन्हात वाळवीत. मग एखाद्या फळीने किंवा कठीण वस्तूने घासून वरची खवलेदार साल सुटी करावयाची, एक रात्र पट्टी दवात ठेवावयाची, आणि सकाळी ते बाह्य आवरण हळूच सोलून काढावयाचे. उरलेल्या खऱ्या सालीचे ९ ते २७ इंच लांबीचे व ३ ते १८ इंच रुंदीचे तुकडे करून ते तासभर थंड पाण्यात ठेवीत, म्हणजे त्यांतील क्षार उतरे. नंतर सुरीने पृष्ठभाग तासून, अर्धा तास उन्हात वाळवून, भाजक्या विटेच्या तुकड्याने घासावयाचे. त्यावर माटीमाह नावाच्या उडदासारख्या कडधान्याची खळ चोळीत आणि शेवटी हरताळाचा पिवळा रंग देत. पुन्हा वाळवून घोटले की पान संगमरवरासारखे गुळगुळीत होई.

मराठी वाचकाला येथे हरताळाच्या उपयोगाचे नवल वाटावे. आपल्याकडे पोथीतील चुकलेले अक्षर झाकण्यासाठी त्यावर हरताळ लावीत, आणि ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. आसामात संपूर्ण पानच हरताळाने रंगविले जाई. कारण हरताळ सोमलयुक्त असल्यामुळे कीड पोथीच्या वाटेला जात नाही. शाईही तशीच टिकाऊ होती. हिरडा व इतर तुरट द्रव्ये गोमूत्रात भिजवून, लोहाच्या संस्काराने ती काळी करीत. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील पाऊस, दमट हवा आणि वाळवी लक्षात घेतली, म्हणजे ही सगळी खटपट हौसेची नव्हती हे कळून येते. कापसापासून केलेले ‘तुलापात’ नावाचे दुसरे लेखनसाहित्य तेथे होते, तरीही महत्त्वाच्या ग्रंथासाठी सांचीपातच निवडीत.

शंकरदेवांच्या (१४४९–१५६८) भक्तिसंप्रदायाने या पानाला जे स्थान दिले, ते दुसऱ्या कोणत्याही राजाश्रयाने दिले नसते. सत्रांत व नामघरांत मूर्तीऐवजी आसनावर ग्रंथ ठेवण्याची प्रथा पडली, त्यामुळे प्रत्येक सत्राला पोथ्या लागल्या आणि पोथ्यांसाठी सालही लागली. आहोम राजांच्या बखरी, म्हणजे बुरंजी, याच सालीवर लिहिल्या गेल्या. त्यांतील जुन्या ताई भाषेतील आहेत आणि नंतरच्या असमिया भाषेतील. राजा शिवसिंह व राणी अंबिकादेवी यांच्या आज्ञेवरून सुकुमार बरकाठ याने १७३४ मध्ये सिद्ध केलेला ‘हस्तिविद्यार्णव’ हा सचित्र ग्रंथ सांचीपातावरच आहे. त्यातील चित्रे दिलबर व दोसाई या दोन चित्रकारांची आहेत. कालिदासाने जोडीने पाहिलेले हत्ती आणि अगुरु येथे अगदी वेगळ्या नात्याने एकत्र आले आहेत.

आज उपलब्ध असलेल्या बहुसंख्य सांचीपात पोथ्या सोळाव्या शतकानंतरच्या आहेत, म्हणजे त्या आणि भास्करवर्म्याची पुस्तके यांच्यात सुमारे ९०० वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात परंपरा अखंड होती, असे ठामपणे म्हणण्यास प्रत्यक्ष पोथ्यांचा आधार नाही. तथापि इतकी गुंतागुंतीची कृती एकदा लुप्त होऊन त्याच प्रदेशात, त्याच झाडावर, पुन्हा नव्याने सुचली असेल हे संभवनीय वाटत नाही. आम्हांला अखंडतेचा पक्ष अधिक बलवत्तर वाटतो.

गंधाच्या व्यापाराचा इतिहास याहून अधिक ज्ञात असल्यामुळे त्याचा परामर्श थोडक्यात घेणे पुरे आहे. दहाव्या शतकातील अबू झैद सिराफी या अरब लेखकाने मुलतानच्या देवालयात यात्रेकरू ‘कामरूनी’ ऊद आणून वाहतात, त्याची किंमत मणास २०० दिनारांपर्यंत असते, आणि तो इतका मऊ असतो की त्यावर मुद्रेचा ठसा उमटतो, असे लिहिले आहे. (हा मण अर्थात आपला चाळीस शेरांचा नव्हे.) देवाला वाहिलेला ऊद पुजाऱ्यांकडून व्यापारी विकत घेत. कामरूपातून मुलतान आणि मुलतानातून अरबी बाजार, असा हा खुष्कीचा मार्ग होता. मीर जुमल्याच्या १६६२–६३ च्या स्वारीबरोबर गेलेल्या शिहाबुद्दीन तालिश यानेही नामरूप व सदियाकडील डोंगरांतील जड व सुगंधी अगरीची नोंद केली आहे.

अबुल फजलच्या ऐने-अकबरीत सुगंधी द्रव्यांच्या प्रकरणात अगर जमिनीत पुरून ठेवतात, म्हणजे त्यातील निकृष्ट भाग कुजून जातो व शुद्ध अगर उरते, असे सांगितले आहे; आणि अगरीचे तेल काढण्याची रीत ‘चुवा’ या नावाखाली दिली आहे. जुन्या मराठीतील ‘चुवा-चंदन’ या जोडशब्दातला चुवा तो हाच. महाराष्ट्रात या शास्त्राची माहिती केवळ खरेदीपुरती होती, असे समजण्याचे कारण नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त (बारावे शतक) धूपांचे स्वतंत्र प्रकरण आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे यांनी १९४५ च्या सुमारास ‘गंधवाद’ नावाच्या ग्रंथाचे हस्तलिखित त्यावरील मराठी टीकेसह प्रकाशात आणले आणि तिचा काळ इ. स. १३५० ते १५५० यांच्या दरम्यान ठरविला. सुगंधी द्रव्यांच्या सिद्धीवर मराठीत टीका लिहिली जात होती, ही गोष्ट मराठी गद्याच्या इतिहासकारांनी अजून पुरेशी हिशेबात घेतलेली नाही.

गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या औषधिसंवादांत अगरीवर एक स्वतंत्र संवाद आहे. गुजरातेत व दख्खनेत या द्रव्याला ‘ऊद’ म्हणतात, मलाक्केत ‘गारो’, आणि अत्युत्तम प्रतीच्या मालाला ‘कलंबक’, अशी नावे तो देतो. म्हणजे सोळाव्या शतकात दख्खनी ‘ऊद’ हा शब्द अरबी ‘ऊद’ प्रमाणे अगरीचाच वाचक होता. पुढे मराठीत अर्थ सरकला. आज आपण ज्याला ऊद म्हणतो ती सुमात्रा-जावाकडून येणारी, लोबान जातीची, निराळ्याच झाडाची राळ आहे. उदबत्तीत खरा ऊद नाही आणि अगरबत्तीत सहसा अगर नाही. दुर्मिळ द्रव्य महागले, आणि त्याचे नाव स्वस्त द्रव्याला मिळाले.

पाश्चात्त्यांच्या नामकरणातील घोटाळा याहून मोठा आहे. ‘अकिल’चे पोर्तुगीज ‘आगिला’ झाले, त्याचा अर्थ गरुड असा घेतला गेला, आणि लामार्क याने १७८३ मध्ये या वृक्षाच्या प्रजातीस ‘अक्विलारिया’ हे गरुडवाचक लॅटिन नाव दिले. युरोपीय भाषांत या लाकडाला ‘अलो’चे लाकूड म्हणत असल्यामुळे कोरफडीशी त्याची गल्लत होते ती वेगळीच. तिसरी गोष्ट आपल्या किनाऱ्यावरची. कोकणच्या खाड्यांत खारफुटीबरोबर वाढणाऱ्या, ज्याच्या चिकाने डोळ्यांना इजा होते त्या गेव्याला लिनिअसने १७५९ मध्ये ‘अगालोचा’ हे जातिनाम दिले. गेव्यात अगर नाही, आणि त्याचा कामरूपाच्या वृक्षाशी कोणताही संबंध नाही. रॉक्सबर्गने सिल्हेटकडील डोंगरांतल्या झाडांवरून भारतीय अगुरूचे वर्णन केले आणि त्याला ‘अक्विलारिया अगालोचा’ असे नाव दिले. आता तो ‘अक्विलारिया मलाकेन्सिस’ हाच वृक्ष मानला जातो. केवळ नावावरून द्रव्यनिश्चय करणाऱ्या निघंटुकारांनी या प्रकरणी सावध राहावे हे बरे.

एकाच झाडाचे हे दोन उपयोग परस्परांस अनुकूल नव्हते, ही गोष्ट आमच्या मते निर्णायक महत्त्वाची आहे. सालीला सरळ, निरोगी, मध्यम वयाचे झाड हवे. धुपाला रोगट आणि शक्य तितके जुने हवे. लेखकाच्या दृष्टीने ज्या झाडात कीड शिरली ते वाया गेले. गंधिकाच्या दृष्टीने त्याच क्षणी ते मौल्यवान झाले. गंधाचे झाड शोधण्यासाठी जंगलात दूरवर जावे लागे आणि पुष्कळदा व्यर्थच कुऱ्हाड चालवावी लागे; पानाचे झाड मात्र निरोगी हवे असल्यामुळे वाडीत, सत्राच्या आवारात लावून वाढविता येई. वरच्या आसामात आजही सुपारीच्या बागांतून व घरांभोवती सांचीची झाडे लावलेली दिसतात. त्या सवयीचे एक मूळ पोथीलेखनात असावे, असा आमचा तर्क आहे.

एकोणिसाव्या शतकात पहिला उपयोग संपला. १८४६ च्या जानेवारीत शिवसागरच्या मिशनरी छापखान्यातून ‘अरुणोदय’ हे असमिया मासिक निघू लागले, यंत्रावरचा कागद स्वस्त झाला, आणि गेट यांनी कृती लिहून घेतली तेव्हा ती मावळतीला लागलेली होती. दुसरा उपयोग मात्र वाढतच गेला. होजाई येथील भट्ट्यांतून अगरीचे तुकडे पाण्यात भिजवून, उकळून काढलेले तेल अरबी देशांकडे जाते. त्या मागणीने जंगलातील झाडांचा बव्हंशी नाश केला. अक्विलारिया मलाकेन्सिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९५ पासून नियंत्रण आले. २००४ मध्ये प्रजातीतील सर्व जाती त्या यादीत घेण्यात आल्या. २०१८ मध्ये हा वृक्ष अतिसंकटग्रस्त ठरविण्यात आला. आणि आसाम सरकारने २०२० मध्ये अगरलागवडीसाठी स्वतंत्र धोरण आखले.

१९१२ मध्ये स्थापन झालेली कामरूप अनुसंधान समिती आणि १९२८ मध्ये गुवाहाटीस सुरू झालेला इतिहास व पुरातत्त्वविषयक सरकारी विभाग यांनी पुष्कळ पोथ्या गोळा केल्या. तथापि अनेक पोथ्या अजून सत्रांतून व खाजगी घरांतून आहेत. त्यांची काही पाने दुमडीवर तुटली आहेत, काहींवरचा हरताळ उडाला आहे. अशा पोथीची दुरुस्ती करावयाची, तर तुटलेल्या कडेला जोडण्यासाठी तशीच घोटलेली, त्याच जाडीची साल लागते. आणि ती मिळावयाची ती कोणीतरी अगरीसाठी राखून न ठेवता पंधराव्या-सोळाव्या वर्षी सोलण्यास दिलेल्या निरोगी झाडापासूनच.